ओल्या पायरीवरचं पाऊल

पायांतलं काढून बाजूला ठेवा आणि बसा. पंढरपुरात असाल तर महाद्वार घाटाच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर, पाण्याच्या कडेला. नसाल तर घरच्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलात तरी चालेल. सकाळची वेळ बरी. घाईत असाल तर वाचन संध्याकाळपर्यंत राहू द्या. पुढे बुटांबद्दल बरंच बोलायचं आहे, पण पहिली काही मिनिटं बूट दूर असलेलेच बरे.

उजवं पाऊल डाव्या मांडीवर घ्या. हाताच्या अंगठ्याने तळवा सावकाश दाबत जा. आधी टाच, मग मधली कमान, मग चवडा, मग एकेक बोट. कातडी कुठे जाड झाली आहे? कुठे कुरूप आहे? करंगळीच्या नखाकडे शेवटचं कधी पाहिलं होतं? आता पाऊल बदला आणि हेच डाव्या पावलाचं करा. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं असतं, आणि हे चाळिशीपर्यंत ध्यानातच आलेलं नसतं, कारण बूट घेताना आपण पहिला हाताला येईल तो एकच घालून पाहतो.

या एवढ्याशा जागेत सव्वीस हाडं आहेत, तेहतीस सांधे आहेत. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीने जोर एका पायावर येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत दीडशे किलोच्या आसपास. किलोमीटरभरात अशी हजारेक पावलं पडतात. आकडे ऐकून घाबरायचं कारण नाही, पाऊल त्यासाठीच घडलेलं आहे. फक्त अंगठा तळव्यावर ठेवून हा हिशेब एकदा मनातून जाऊ द्या. एक लांब श्वास घ्या. घाई नाही.

पंढरपूर हे पावलांचं गाव आहे. विटेवर दोन पावलं समसमान ठेवून देव उभा आहे, आणि त्या पावलांवर क्षणभर डोकं टेकवायला माणसं तासन् तास रांगेत उभी राहतात. गोपाळपुराच्या वाटेवर नदीपात्रात विष्णुपद आहे. तिथे खडकात कृष्णाची पावलं आणि गाईची खुरं दाखवतात, आणि मार्गशीर्षात देव तिथे मुक्कामाला असतो म्हणून गावकरी डबे बांधून जातात. आषाढी वारीच्या पालख्यांतून इथे येतात त्याही पादुकाच. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीला आजची घडी घालून दिली. म्हणजे मखमलीवर, फुलांत, बैलांच्या रथातून जातं ते पायताण, आणि त्याच्या मागेपुढे लाखो पाय रस्त्यावर असतात. कुणी अनवाणी, कुणी रबरी सपातांत, कुणी आदल्या आठवड्यात घेतलेल्या कोऱ्या बुटांत.

त्या कोऱ्या बुटांवर थोडं थांबू, पण त्याआधी जुन्या चपलांकडे पाहू.

वारीच्या वाटेवर चर्मकार समाजाची माणसं झाडाखाली बसतात आणि वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात. ती सेवा जवळून पाहावी. चप्पल हातात आली की कारागीर आधी ती उलटी करतो. अंगठा तुटलाय हे समोरून दिसतंच, पण त्याला तळ पाहायचा असतो. टाचेची बाहेरची कड झिजलेली, चवड्याखाली एक गुळगुळीत खड्डा. मग रापीने फाटका भाग साफ करायचा, आरीने भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन बाजूंनी ओढून टाका आवळायचा. टाका बसला की तो अंगठ्याच्या मुळाशी बोट घालून दोनदा हिसका देऊन बघतो, आणि चप्पल मालकाच्या पायापुढे सरळ करून ठेवतो. चार-पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात त्याने त्या माणसाची चाल वाचलेली असते.

तुमचे जुने बूट असेच उलटे करून पाहा. बाहेरची कड झिजलेली दिसली तर दचकू नका. पाऊल टेकताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवर आधी येते, त्यामुळे ही झीज दोष समजू नये. एका बुटाचा तळ दुसऱ्याहून फारच वेगळा झिजला असेल, तर मात्र ते मनात नोंदवून ठेवा.

आता पाय पाण्यात बुडवा, कोरड्या पायरीवर पूर्ण वजन देऊन ठेवा आणि उचला. ठसा पाहा. ऊन चढलेलं असेल तर लवकर पाहा, सोलापूर जिल्ह्यातला दगड पाणी फार वेळ ठेवत नाही. कुणाचा अख्खा तळवा उमटतो. कुणाची टाच आणि चवडा जोडणारी रुंद पट्टी दिसते, कुणाची नुसती रेघ. काहींच्या ठशात मधलं काहीच नसतं, टाच इकडे आणि चवडा तिकडे.

या ठशावर बुटांचा मोठा व्यापार उभा राहिला. सपाट पायाला आतून आधार देणारा ताठ बूट, उंच कमानीला मऊ गादीचा, मधल्याला मधला, अशी विभागणी दुकानांत अनेक वर्षं चालली. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन या तिन्ही दलांत ती तपासून पाहिली गेली. नव्या भरतीतल्या काही जणांना पावलाच्या आकाराप्रमाणे निवडलेले बूट दिले, बाकीच्यांना आकार न पाहता सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षण संपेपर्यंत दुखापतींमध्ये सांगण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे ठसा खोटा नव्हता, त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष लंगडा होता. सपाट पाय हा आजार असल्याचं मनात धरून पुष्कळ माणसं धावायच्या वाटेला जात नाहीत. तुमचा ठसा भरून उमटला असेल आणि पाय दुखत नसतील, तर तो तुमचा पाय आहे, एवढंच.

मग बूट निवडायचा कशावरून? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर धावणाऱ्यांची पावलं मोजली आणि २०१५ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक साधी गोष्ट मांडली. पायाला जो बूट सुखाचा वाटतो तो निवडावा, शरीर स्वतःची चाल सांभाळणारा बूट ओळखतं. पुराव्याच्या दृष्टीने याला अजून अंदाजच म्हणायला हवं, पण हाताशी याहून बरी कसोटी नाही. आणि ही कसोटी दुकानदाराच्या यंत्रात नसून तुमच्या तळव्यात आहे, हे मला तरी तिचं मोठेपण वाटतं.

डोळे मिटा आणि मनाने दुकानात जा. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय फुगतात आणि धावतानाही फुगतात. सकाळी बेताचा बसलेला बूट पाचव्या किलोमीटरला आवळतो. धावताना घालणार तेच मोजे बरोबर न्या. सुती मोजे घाम धरून ठेवतात, घामेजलेली कातडी घासली की फोड, म्हणून धाग्यात कृत्रिम भाग असलेले मोजे बरे. उभं राहून दोन्ही पायांचं माप द्या आणि मोठ्या पायाचा बूट घ्या. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. अंगठ्याच्या शेजारचं बोट काहींचं जास्त लांब असतं, तेव्हा जागा त्याच्यापुढे मोजा. आतल्या बोटांना पसरता आलं पाहिजे. टाच मात्र धरलेली हवी, चालताना वर-खाली होता कामा नये. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे, मग किंमत कितीही असो. बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटं जिथे वाकतात तिथे वाकावा. मधोमध मोडणारा बूट परत ठेवा.

मग दुकानातच थोडं धावा. लोक पाहतील, पाहू द्या.

आपल्याकडची एक समजूत इथे आड येते. कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते. तेल लावतो, कळ काढतो, आणि मग ती अशी पायाची होते की दुसऱ्याच्या पायात बसत नाही. चामड्याचा तो धर्म आहे. धावायचा बूट फोमचा आणि जाळीदार कापडाचा. तो सैलावेल, पण तुमच्या पायाचा आकार घेणार नाही. दुकानात करंगळीला टोचला तो वारीत थेट वाखरीपर्यंत टोचणार. ‘घालून घालून बसेल’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून आलं की जोड नम्रपणे खोक्यात परत ठेवावा. माझं मत विचाराल तर विक्रेता हे वाक्य क्वचितच म्हणतो. ते बहुतेक वेळा आपण स्वतःच स्वतःला म्हणतो, कारण रंग आवडलेला असतो.

टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे तेही विचारून घ्या. नेहमीच्या धावबुटांत हा फरक आठ ते बारा मिलिमीटरचा असतो. कमी फरकाचा बूट पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जास्त भार टाकतो, जास्त फरकाचा गुडघ्याकडे ढकलतो. दोन्ही चालतात. एकातून दुसऱ्यात उडी मारणं चालत नाही. महाग बूट कमी दुखवतो असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

बुटांचा विषय इथेच संपवता आला असता, पण दुखण्याचं मूळ बुटात फार थोडं असतं.

पहाटे गोपाळपूरच्या किंवा वाखरीच्या रस्त्याला जाऊन उभे राहा. अंधारात टपटप पावलं ऐकू येतील. पोलीस भरतीची पोरं-पोरी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. भरती निघाल्याची बातमी आली की त्या आठवड्यात रस्त्यावरची संख्या एकदम वाढते. आदल्या महिन्यात न धावलेला मुलगा सोमवारी डांबरावर पाच किलोमीटर, मंगळवारी पाच, बुधवारी मित्राशी चुरस लावून आठ. दम दोन आठवड्यांत सुधारतो, वेळ कमी होते, उत्साह वाढतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी धरते. घरचे म्हणतात बूट चांगले घे. कर्ज काढून बूट येतात आणि नडगी तशीच राहते.

इथे जरा थांबून शरीराच्या आतल्या वेगवेगळ्या घड्याळांकडे पाहा. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना त्याहून थोडं जास्त लागतं. शिरा आणि हाडं महिन्यांच्या हिशेबाने चालतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवा भरतं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश, सगळं मिळून तीन-चार महिने जातात. म्हणजे मधला काही काळ हाड पूर्वीपेक्षा नाजूक असतं, आणि नेमका त्याच वेळी दम सांगत असतो की आता आणखी पळ. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन लिहिलं. क्ष-किरण यायला अजून चाळीस वर्षं होती, त्यामुळे आत काय तुटलंय ते त्याला दिसलं नाही. पुढे कळलं की चवड्याच्या लांब हाडांना बारीक चीर जात होती. ती माणसं तरुण होती, काटक होती.

वारीच्या वेळापत्रकाकडे या नजरेने पाहावं. माऊलींच्या पालखीचे पहिले दोन मोठे टप्पे सगळ्यांत लांब, आळंदी ते पुणे आणि दिवे घाट चढून पुणे ते सासवड, दोन्ही तीस किलोमीटरच्या आसपास. पण पुण्यात दोन मुक्काम असतात आणि सासवडलाही बहुधा दोन. लांब टप्पा, मग विसावा. हे कुणी व्यायामशास्त्र वाचून बसवलेलं नाही, पण पायांना ते बरोबर लागू पडतं. पुढचे टप्पे त्याहून लहान असतात. शेतात उभा जन्म काढलेल्या वारकऱ्याला हा पहिला दणका पेलतो. आयटी दिंडीत आळंदीहून पुण्याला एकाच दिवसासाठी चालणाऱ्या खुर्चीवरच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरावा लागतो. भक्तीत काही कमी नसतं, चैत्र-वैशाखात चालणं कमी झालेलं असतं.

आता दुखण्यांकडे जाऊ. बसल्या जागी नडगीवर हात ठेवा, आतल्या कडेवर. घोट्यापासून वर बोटाने दाबत जा. चार-सहा बोटांच्या लांबीत पसरलेली ठणक असेल, धावायला लागल्यावर सुरू होत असेल आणि विश्रांतीने उतरत असेल, तर भार कमी केला की ती बहुधा जाते. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर दाबल्यावर जीव कळवळत असेल, रात्री निजल्यावरही ठणकत असेल, तर धावणं त्या दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे. ती हाडाची चीर असू शकते. तिच्यावर पळत राहून ती मुरत नाही, वाढते. भरतीची तारीख जवळ असली तरीसुद्धा. हे वाक्य लिहिणं सोपं आहे आणि त्या मुलाला सांगणं किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

टाच. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना तळव्यात सुरी फिरल्यासारखी कळ, चार पावलांत कमी, दिवसभर उभं राहिल्यावर पुन्हा. तळव्याच्या जाड पडद्याचं हे दुखणं. खूप चालणाऱ्याला होतं तसं दिवसभर गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्यालाही होतं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की घरात सगळे त्या काट्याला दोष देतात. तसा काटा न दुखणाऱ्या कितीतरी टाचांतही असतो. याला महिने लागतात. पोटरी ताणणं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन टाच हळू वर उचलणं आणि तितकीच हळू खाली सोडणं, आणि घरात फरशीवर अनवाणी न फिरणं. शेवटचं आपल्या घरांत पचनी पडत नाही. घरात घालायला वेगळी धुतलेली चप्पल ठेवली की भांडण मिटतं.

टाचेमागच्या जाड शिरेचं दुखणं आलं की घाटाच्या पायऱ्या उपयोगी पडतात. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी. दोन्ही पायांवर वर व्हा, मग दुखऱ्या पायावर टाच अगदी सावकाश कडेच्या खाली सोडा. सरळ गुडघ्याने पंधरा वेळा तीनदा, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढंच, दिवसातून दोन वेळा, बारा आठवडे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदाने हा व्यायाम १९९८ मध्ये मांडला. गोष्ट अशी सांगतात की त्याचीच शीर दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रियेला तयार होईनात, म्हणून ती तुटावी आणि मग तरी शस्त्रक्रिया व्हावी या रागाने तो तिच्यावर भार टाकत गेला, आणि ती बरी झाली. पायरी कुठलीही चालेल. नामदेव पायरी सोडून, हे पंढरपुरात सांगायला नको.

वारीच्या वाटेवर वेळापूरच्या अलीकडे धावा बावीचा उतार आहे. तिथून तुकोबांना देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून पालखीतले वारकरी तो उतार धावत उतरतात. मनाने त्या उतारावर उभे राहा. उतरताना शरीर पुढे पडू पाहतं आणि मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला लगाम ओढतात. बोटं बुटाच्या नाकावर आपटतात, काळी नखं बहुतेक उतारावरचीच असतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात आणि गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं. उतार आला की बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. आणि पावलं लहान करा.

लहान पावलांचं हे वारकऱ्यांना शिकवावं लागत नाही. दिंडीत पखवाज सुरू झाला, टाळ लागले की पावली खेळणारा माणूस लांब टांग टाकूच शकत नाही. पाऊल शरीराच्या खाली पडतं, गुडघा मऊ असतो, आणि पुढचा ठेका आधीच आलेला असतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ब्रायन हायडरशाइट यांनी २०११ मध्ये दाखवलं की वेग तोच ठेवून मिनिटातली पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. तुम्ही बसल्या जागी करून पाहा. मनात टाळाचा ठेका धरा आणि तळव्यांनी जमिनीवर तो हलका वाजवा. आता तोच थोडा जलद. पाय लांब जाण्याची इच्छा आपोआप मावळते. उद्या धावताना कानांतलं गाणं नको, हा ठेका घ्या. रिंगणात डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन धावणाऱ्या बायांची पावलं कधी पाहिली असतील तर आठवा. वृंदावन हलत नाही.

त्यातल्या पुष्कळजणी अनवाणी असतात, म्हणून तो प्रश्न येतोच. बूट हवेतच का? १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी जिंकली आणि चार वर्षांनी टोकियोची बूट घालून. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरच्या बारामतीत २०१३ साली साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते. त्या धावण्याला नमस्कार करावा, पण त्यातून बुटांबद्दल सल्ला काढू नये. २०१९ मध्ये केनियातल्या अनवाणी चालणाऱ्यांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. तळव्याची कातडी जाड झाल्याने स्पर्श बोथट होत नाही, असं त्यात दिसलं. जन्मभर अनवाणी चाललेला तळवा जमीन वाचतो. चाळीस वर्षं बुटात राहिलेल्या तळव्याला एका आषाढात ते जमणार नाही.

नवस अनवाणी चालण्याचा असेल आणि मधुमेह असेल, तर तुमच्या डॉक्टरांशी आणि घरच्या जाणत्या माणसाशी आधी बोला. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू जाते. तापल्या डांबराचा चटका कळत नाही, खडा रुतलेला कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम खोल गेलेली असते. रोज रात्री आरसा पायाखाली धरून तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. देव यात राग धरेल असं मला वाटत नाही. मधुमेह नसेल आणि फोड आला तर वरची कातडी सोलू नका, तीच सगळ्यांत चांगली पट्टी आहे. घासणाऱ्या जागी निघण्याआधी व्हॅसलीन लावलं तर तो बहुधा टळतो.

वाळवंटाबद्दलही सांगून टाकतो, कारण पंढरपुरात नव्याने धावणाऱ्याला चंद्रभागेची वाळू खुणावते. कोरड्या मऊ वाळूत टाच खाली जाते आणि पोटरी जास्त राबते. दुखऱ्या शिरेला ती बरी नाही. पाण्याजवळच्या ओल्या, दबलेल्या पट्टीवर थोडं धावा, पण ती एका बाजूला कललेली असेल तर जाताना आणि येताना दोन्ही दिशा सारख्या करा.

आता पाय पुसा. सावकाश, बोटांमधून. जुने बूट घातलेत तरी चालेल.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड वीस मिनिटं. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असंच पुन्हा पुन्हा. धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दुसऱ्या आठवड्यात एवढंच, वाढवायचं नाही. तिसऱ्यात धावण्याची मिनिटं थोडी वाढवा. ठणक धावताना किती होती यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला किती होती ते पाहा. कालच्याहून जास्त असेल तर आज चाला. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दुधाचा हिशेब असतोच, त्याच्याखाली मिनिटं लिहा आणि दुखणं शून्य ते दहात एका आकड्यात. बूट घेतला त्या तारखेभोवती गोल करा. पाचशे ते आठशे किलोमीटरच्या दरम्यान केव्हातरी गादी मरते, आणि आकडा कारणाशिवाय वाढायला लागला की आधी त्या गोलापासूनचे किलोमीटर मोजा.